वाघोबाशी झालेला करार मोडू नका

कांदिवली पूर्वेला ठाकूर व्हिलेज, लोखंडवाला संकुल, समतानगर, दामूनगर या वस्त्या जिथे संपतात, तिथून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर सुरू होतो. या डोंगरातल्या बिबट्याविषयी शहरात दोन तऱ्हेच्या गोष्टी सांगितल्या जातात. पहिली मोबाइलवर फिरते. सोसायटीच्या सीसीटीव्हीत रात्री दोन वाजता भिंतीवरून उतरलेली सावली, खाली लाल अक्षरांत सावधानतेचा इशारा आणि त्यापाठोपाठ ‘पिंजरा लावा, उचलून न्या’ ही मागणी. दुसरी गोष्ट डोंगराच्या आतल्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि तिचे नाव वाघोबा. दोन्ही गोष्टींच्या मुळाशी भीतीच आहे आणि ती खोटी नाही. फरक असा की पहिल्या गोष्टीत भीतीशिवाय काही नाही. दुसरीत भीतीच्या जोडीने एक करार आहे: तू कुठे राहायचे, आम्ही कुठे राहायचे, कोणी काय सोडायचे आणि कोणी काय द्यायचे. मुंबईने या दुसऱ्या गोष्टीला अडाण्यांची समजूत किंवा पर्यटकांची गंमत मानणे थांबवावे. डोंगराशेजारी राहण्याचे ते एक अनुभवसिद्ध शास्त्र आहे. त्याची नोंद व्हावी आणि महापालिका, वनखाते व सोसायट्या या सगळ्यांनी ते गांभीर्याने शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

वाघोबा म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. वारली, महादेव कोळी, कातकरी, ठाकर अशा अनेक समाजांत वाघ आणि बिबट्या यांचा मिळून हा एक देव आहे. त्याचे देऊळ बहुतेक ठिकाणी देऊळ नसतेच. पाड्याच्या वेशीवर, पायवाटेच्या वळणावर किंवा जुन्या झाडाच्या बुंध्याशी एक दगड उभा असतो. कुठे लाकडी फळी रोवलेली असते, तिच्यावर वाघाची आकृती आणि वर चंद्र-सूर्य कोरलेले. शेंदराचे थर इतके चढलेले असतात की खालचे कोरीवकाम बोटानेच चाचपावे लागते. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला इथे पूजा होते. नारळ फुटतो, तांदळाचे पुंजके मांडले जातात, भगत बोलावणे करतो, कोंबड्याचा मान दिला जातो आणि मग सगळा पाडा एकत्र जेवतो. वसई, पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरांतल्या वारली वस्त्यांमध्ये फिरून वन्यजीव अभ्यासकांच्या एका गटाने अशी दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली. रम्या नायर, विद्या अत्रेय, निकित सुर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका महानगराला खेटून इतक्या ठिकाणी एका हिंस्र प्राण्याची पूजा आजही चालू असावी, याचे जगात फार दाखले मिळणार नाहीत.

वाघोबाची जन्मकथा पाड्यागणिक बदलते, पण तिचा सांगाडा बहुधा सारखा राहतो. एका बाईच्या पोटी जन्मलेले मूल वाघाचे रूप घेऊ लागते, गावाच्या जनावरांवर पडते आणि गाव घाबरते. अशा वेळी गाव त्याला मारून टाकेल, ही झाली सोपी गोष्ट. वारल्यांच्या कथेत मात्र बोलणी होतात. मुलाने रानात जायचे आणि गावाला त्रास द्यायचा नाही. गावाने त्याचे ठाणे मांडायचे आणि वर्षातून एकदा त्याचा मान त्याला पोचवायचा. या कथेत वाघ परका नाही. तो गावच्याच बाईचा मुलगा आहे, म्हणून त्याला शत्रू ठरवता येत नाही. आणि तो गावात राहू शकत नाही, म्हणून त्याला पाळीवही करता येत नाही. या दोन टोकांच्या मधली जागा ही कथा आखून देते. शिवाय करार दोन्ही बाजूंवर बंधनकारक आहे. पाड्यावर एखादे ढोर गेले, तर पहिला प्रश्न येतो की आपले काही चुकले का, मान द्यायचा राहिला का, रानात नको तिथे गेलो का. नुकसानीचा राग येतोच. पण त्या रागाला आधी स्वतःच्या वागण्याच्या तपासणीतून जावे लागते. सीसीटीव्हीच्या गोष्टीत ही पायरीच गळलेली आहे.

हे केवळ आपल्याकडचे वेगळेपण आहे असे वाटत असेल, तर युरोपच्या पश्चिम टोकाकडे, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाकडे पाहावे. तिथल्या गेलिक बोलणाऱ्या लोकांच्या कथांमध्ये डोंगर ओसाड नाहीत. तिथे ‘कॅलियाख’ नावाची प्रचंड म्हातारी राहते. हिवाळा तीच आणते, आणि हरणांचे कळप ही तिची गुरे. लोखाबर भागातल्या बेन ब्रेक डोंगराच्या कथांत ती हरिणींचे दूध काढते आणि कोणत्या शिकाऱ्याला काय मिळावे हे ठरवते. कुरणांवर ‘ग्लॅश्टिग’ नावाची एक अर्धमानवी बाई वावरते. ती गुरे राखते, पण तिचा वाटा चुकला तर त्यांची नासाडी करते. तो वाटा म्हणजे खळगा असलेल्या दगडात ओतलेले दूध. टायरी बेटावरचे धर्मगुरू जॉन ग्रेगरसन कॅम्बेल यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केलेल्या सामग्रीत अशा समजुतींची भरपूर नोंद आहे. ग्लेन लायनच्या वरच्या अंगाला, एका निर्मनुष्य खोऱ्यात, ‘टाय नाम बोदाख’ नावाचे गवताने शाकारलेले बुटके दगडी घर आहे. त्यात पाण्याने घासून माणसाच्या घाटाचे झालेले दगड आहेत: म्हातारी, तिचा म्हातारा आणि त्यांची मुले. मे महिन्याच्या सुरुवातीला हे दगड बाहेर काढून खोऱ्याकडे तोंड करून ठेवतात आणि नोव्हेंबरच्या तोंडावर पुन्हा आत नेऊन दार बुजवतात. गुरे उन्हाळी कुरणावर चढण्याचे आणि उतरण्याचे दिवस हेच. म्हणजे देवतेच्या वेळापत्रकात गुराख्याचे वेळापत्रक गुंफलेले आहे. दगड, शेंदूर आणि कोंबड्याच्या जागी दगड, गवत आणि दूध आले, तरी व्यवहार तोच: डोंगराचा मालक दुसरा कोणी आहे, आपण त्याच्या परवानगीने वापर करतो.

त्याच स्कॉटलंडमध्ये दुसऱ्या प्रकारचा डोंगरी जीवही आहे आणि तो माझ्या मुद्द्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. बेन मॅकडुई या १,३०९ मीटर उंचीच्या शिखरावर ‘मोठा करडा माणूस’ वावरतो, अशी आख्यायिका आहे. ती जगभर पसरली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि नामवंत गिर्यारोहक नॉर्मन कोली यांच्यामुळे. १९२५ मध्ये ॲबरडीनच्या गिर्यारोहण मंडळाच्या सभेत त्यांनी १८९१ चा अनुभव सांगितला. धुक्यात शिखरावरून एकटे उतरताना त्यांना मागून जड पावलांचा आवाज आला, त्यांची तीन-चार पावले पडली की मागच्याचे एक. ते घाबरून पळत सुटले. ढगावर पडणारी आपलीच सावली राक्षसी दिसते, हे त्या आख्यायिकेचे एक सयुक्तिक स्पष्टीकरण दिले जाते. पण कथा म्हणून हा करडा माणूस अगदी रिकामा आहे. तो कोणाचा नातेवाईक नाही, त्याला काही हवे नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. त्याला पाहून फक्त पळायचे. आणि ही कथा चालवली कोणी? मुख्यतः डोंगरावर चढून संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसांनी. त्या डोंगरावर ज्यांची गुरे चरत त्यांची देवता वेगळी होती. जो डोंगरात राहतो तो डोंगरातल्या शक्तीशी व्यवहार ठरवतो, जो केवळ डोकावतो त्याच्या हाती भीती लागते. कांदिवलीच्या मनोऱ्यांत आपण राहतो खरे, पण डोंगराशी आपला संबंध मात्र डोकावणाऱ्याचा आहे. म्हणून आपला बिबट्या दिवसेंदिवस त्या करड्या माणसासारखा होत चालला आहे.

स्कॉटलंडची पुढची हकिगत आपण लक्षपूर्वक वाचायला हवी. तिथला लिंक्स हा मार्जारकुळातला प्राणी मध्ययुगातच संपला. शेवटचा लांडगा १६८० मध्ये मारला गेला असे परंपरेने सांगतात. त्यानंतर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी गेलिक कुळांना खोऱ्यांतून हुसकावले. कथा सांगणारी माणसे समुद्रपार गेली किंवा शहरांत विरली. कथा पुस्तकांत राहिल्या, प्राणी आणि माणसे गेली. आता तिथे लिंक्स परत आणावा की नाही, यावर तीव्र वाद चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये तर कोणीतरी केर्नगॉर्म्स डोंगररांगेच्या परिसरात चार लिंक्स बेकायदा सोडले. ते दोन-तीन दिवसांत पकडले गेले आणि त्यातला एक मेला. बिबट्यापेक्षा कितीतरी लहान आणि माणसाच्या वाटेला न जाणारा हा प्राणी, तरी मेंढपाळ धास्तावले आहेत. त्यांना दोष देता येत नाही, कारण अशा शेजाऱ्यासोबत कसे राहायचे याची रीत तिथे काही शतकांपूर्वीच तुटली. एकदा तुटलेली रीत सरकारी आराखड्याने पुन्हा सांधणे फार अवघड असते. आपल्याकडे चित्र उलटे आहे. प्राणी आहे, त्याच्याशी करार केलेली माणसे आहेत, कराराची ठाणीही आहेत. आपल्याला काही परत आणायचे नाही, जे आहे ते हातचे जाऊ द्यायचे नाही इतकेच आहे.

आणि हातचे जाऊ देण्याचा कांदिवलीचा अनुभव जुना आहे. आज मेट्रोच्या स्थानकामुळे आकुर्ली हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. याच आकुर्लीच्या पडण टेकडीवर खडकात कोरलेल्या पावलांच्या खुणा आणि ब्राह्मी लिपीतले छोटे लेख होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपारा आणि पडण येथील प्राचीन अवशेषांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांची दखल आहे. नंदीची पावले, सिद्धांचे वास्तव्य अशा आशयाचे ते लेख. म्हणजे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीही ही टेकडी लोकांना मानवेतर, पूज्य शक्तींचे घर वाटत होती. डोंगराच्या आत कान्हेरीला बौद्ध भिक्षू लेणी खोदत होते तो हाच काळ. नंतर शहराला भरावासाठी दगड-माती हवी झाली. बॅकबेचा समुद्र हटवण्यासाठी कांदिवली पूर्वेच्या टेकडीला खाणी लागल्या, माल वाहायला रेल्वेचा फाटा आला, कामगार आले, वस्ती वाढली. दक्षिण मुंबईच्या किनाऱ्यावरच्या महागड्या जमिनीखाली आमच्या टेकडीचा अंश आहे. मला यात कोणावर आरोप करायचा नाही, शहरे अशीच वाढतात. पण टेकडीवर काय होते याची आठवण सर्वसामान्य कांदिवलीकराला नाही, आणि आठवण नसली की पुढची टेकडी जाताना कोणी हळहळतही नाही. वाघाचेही तेच झाले: १९२९ मध्ये विहार तलावाच्या परिसरात पट्टेरी वाघ मारल्याची नोंद आहे. त्यानंतर या डोंगरातून तो प्राणी गेला. वाघोबाच्या अर्ध्या अंगाचा निरोप आपण त्याच वेळी घेतला. उरलेले अर्धे अंग म्हणजे बिबट्या.

करार मोडला की काय होते, याचा पुरावा कथांमध्ये शोधण्याची गरज नाही. तो आकड्यांत आहे आणि महाराष्ट्रातलाच आहे. जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ च्या सुरुवातीपासून वनखात्याने लोकांच्या मागणीवरून बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. हल्ले कमी व्हायला हवे होते. ते वर्षाला सरासरी १७ वर गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या निष्कर्षाचे कारण समजायला अवघड नाही. बिबट्याला आपला मुलूख ठाऊक असतो. कुठल्या घरामागे कुत्री, कुठली वाट किती वाजता मोकळी, माणसाला कसे टाळायचे, हे त्याने शिकलेले असते. त्याला उचलून अनोळखी जंगलात टाकले की तो भेदरतो, घराकडे परतू पाहतो आणि वाटेत अनोळखी माणसांना धडकतो. त्याने सोडलेल्या जागी दुसरा, बहुधा अननुभवी बिबट्या येतो. मुंबईत २००४ मध्ये हल्ल्यांचा कहर झाला, त्या वर्षी बळींचा आकडा दोन अंकी होता. त्या काळात बाहेर पकडलेले बिबटे याच उद्यानात आणून सोडले जात होते. हे सोडणे थांबले, वनखात्याची बचाव पथके तयार झाली, २०११ पासून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमात वनखाते, अभ्यासक आणि पत्रकार यांनी मिळून लोकांशी बोलायला सुरुवात केली, आणि पुढच्या वर्षांत परिस्थिती खूपच निवळली. आता वारल्यांच्या कथेकडे पुन्हा पाहा. वाघोबाला त्याच्या जागेवरून हलवायचे नाही, त्याच्या मुलखात त्याला राहू द्यायचे, ही त्या कराराची पहिली अट आहे. विज्ञान मोजमाप करून जिथे पोचले, ते पाड्यावर आधीच रीत म्हणून चालत आले होते.

या करारावर आज किती ताण आहे, तेही पाहू. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे उद्यान, त्याच्या तिन्ही अंगांना दाट वस्ती. कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत उद्यान आणि लगतच्या परिसरात २०१५ मध्ये ३५, २०१८ मध्ये ४७ आणि २०२४ मध्ये ५४ बिबटे आढळले. याचा अर्थ ते संख्येने फुगत शहरात घुसताहेत असा काढणे चुकीचे आहे, कारण मोजणीचा परीघ आणि पद्धतही दरम्यान सुधारत गेली. मात्र ते इथेच आहेत आणि राहणार आहेत, हे निश्चित. ते वस्तीच्या कडेला येतात ते मुख्यतः भटक्या कुत्र्यांसाठी, आणि कुत्री जमतात उघड्या कचऱ्यासाठी. २०१८ मधल्या एका अभ्यासाने असा अंदाज मांडला की उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खातात, त्यामुळे कुत्र्यांचे चावे आणि रेबीजचा धोकाही घटतो. अंदाज थोडा इकडेतिकडे धरला तरी साखळी स्पष्ट आहे. सोसायटीच्या मागच्या दारी ओसंडणारी कचरापेटी हे बिबट्याला दिलेले निमंत्रण आहे. पाड्यावर वाघोबाचा वाटा वेशीवर, ठरलेल्या दिवशी दिला जातो, आपण तो रोज रात्री, घराच्या दारात, नकळत मांडून ठेवतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप महाराष्ट्रात येणारच: ही अंधश्रद्धा नाही का? डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचले आणि जो त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झाला, त्याच्या राज्यात दगडाला शेंदूर फासण्याचे समर्थन कसे करायचे? मी हा प्रश्न हलका मानत नाही. तो कायदा नीट वाचला तर दिसते की त्याचा रोख माणसाचे शोषण, फसवणूक, इजा आणि जिवाला धोका यांवर आहे. साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे त्यात गुन्हा ठरवले आहे, आणि ते अगदी योग्य आहे. बिबट्याने जखमी केलेल्या मुलाला भगताकडे नेऊन वेळ घालवला, तर तोही अक्षम्य प्रकारच. पण वाघबारशीची पूजा कोणाला लुबाडत नाही, कोणाला औषधापासून तोडत नाही. विवेकाची कसोटी अशी असावी की या समजुतीमुळे माणसे कशी वागतात. वाघोबा मानणारा माणूस सांजवेळी पोराला एकटे बाहेर धाडत नाही, बिबट्या दिसला तर त्याच्या मागे धावत नाही, त्याची वाट अडवत नाही आणि एका ढोरासाठी विष घालायला निघत नाही. उलट मोबाइलवर चित्रफीत पाहून पिंजऱ्याची मागणी करणारा सुशिक्षित माणूस देव मानत नसला, तरी पुराव्याला धरून वागत नाही. जुन्नरचा आकडा समोर असताना बिबट्या उचलून नेल्याने प्रश्न सुटेल असे मानणे, हीच मला अधिक घातक समजूत वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वेदनादायक आहे. वाघोबाला मानणाऱ्यांचीच मुले बिबट्याने नेली आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, आरे वसाहतीत दीड वर्षाच्याही आतली एक मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. अशा घरासमोर उभे राहून सहजीवनाचे गोडवे गाणे क्रूरपणा आहे. म्हणून स्पष्ट सांगतो: दगडाची पूजा केल्याने बिबट्या हल्ला करत नाही, असा माझा दावा नाही, आणि वारल्यांचाही तो सरसकट नाही. करार मोडतो, दोन्हीकडून मोडतो, हे त्यांच्या कथेतच गृहीत आहे. कराराचा उपयोग हल्ल्यानंतर दिसतो. एका बिबट्याच्या कृत्याचा सूड सगळ्या बिबट्यांवर घ्यायचा की नाही, हे त्यावर ठरते. शिवाय आदिवासींच्या समजुतीचे कौतुक करून आपली जबाबदारी झटकता येणार नाही. उद्यानातल्या आणि आरेतल्या पाड्यांवर अंधारात शौचाला जाताना होणारा धोका मोठा आहे. घरात शौचालय, नळाला पाणी, वाटेवर दिवा आणि वेळेवर उचललेला कचरा या गोष्टी वाघोबा देणार नाही, महापालिका आणि सरकार देतील. ज्यांनी हा करार इतकी वर्षे सांभाळला, त्यांना मूलभूत सोयींसाठी ताटकळत ठेवायचे आणि त्यांच्या सहनशीलतेवर शहराचे हिरवे फुप्फुस टिकवायचे, हा अन्याय आहे. जंगलावरचे अतिक्रमण हटवण्याच्या चर्चेत, उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशापासून आजतागायत, पिढ्यान्‌पिढ्यांचे पाडे आणि नंतर वसवल्या गेलेल्या वस्त्या यांतला फरक पुष्कळदा पुसला गेला. तो फरक करणे हे शासनाचे काम आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा आहे आणि त्यात तथ्य आहे: ठाण्यांना मान्यता दिली की उद्या तिथे सिमेंटचा मंडप येईल, मग कळस, मग ध्वनिक्षेपक, मग राखीव जंगलात यात्रा. डोंगरांवरच्या कित्येक देवस्थानांचे असे झालेले आहे. म्हणूनच मी बांधकामाची नाही, नोंदीची मागणी करतो. वाघोबाचा दगड उघड्यावर असतो, कारण तो वाटेचा आणि वेशीचा देव आहे. त्याच्यावर छप्पर घातले की तो इतर शंभर देवळांसारखा होईल आणि त्याचा अर्थ जाईल. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. कांदिवली-बोरिवलीच्या नोंदीत प्रत्येक ठाणे, त्याची जागा, त्याची पूजा करणारा पाडा आणि तिथे सांगितली जाणारी कथा यायला हवी. हे काम पाड्यावरच्या लोकांच्या संमतीने आणि त्यांच्याच तरुणांच्या हातून व्हावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य केलेला आहे, त्याचाही आधार आहे. ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यांचे बोगदे याच डोंगराच्या पोटातून जायचे आहेत. अशा प्रकल्पांच्या आराखड्यात झाडे मोजली जातात, घरे मोजली जातात. बोगद्यांच्या तोंडाशी येणारे पाडे आणि ठाणीही त्या हिशेबात धरली पाहिजेत.

एक गोष्ट मला फार खटकते. पुलांचे खांब, शाळांच्या भिंती, हॉटेलांच्या मेनूकार्डांवर वारली चित्रे सगळीकडे दिसतात. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या पांढऱ्या रेषांत गोल धरून नाचणारी माणसेच आपण उचलली, आणि ती ज्या रानाच्या धाकात आणि मायेत नाचतात ते रान गाळले. नाच सजावटीला चालतो, वाघ चालत नाही. वारली संस्कृतीचा आदर करायचा असेल, तर तिच्यातला अवघड भागही घ्यावा लागेल: सगळी जमीन आपली नाही आणि रात्रीचे काही तास दुसऱ्या कोणाचे आहेत, हे मान्य करणे.

कांदिवलीच्या सोसायट्यांना त्यासाठी कोंबडे कापण्याची किंवा देव मानण्याची अजिबात गरज नाही. त्यांनी कराराची आपली बाजू सांभाळावी. ओला कचरा बंद पेटीत ठेवा आणि रात्रीपर्यंत साठू देऊ नका. डोंगराकडच्या भिंतीलगतची झुडपे आटोक्यात ठेवा, वाटेवर दिवे लावा. अंधार पडल्यावर लहान मुलांना त्या बाजूला एकटे सोडू नका. बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, त्याची परतीची वाट मोकळी ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. नुसता दिसला म्हणून पिंजरा मागू नका. मुलांना चित्रफीत दाखवण्याआधी वाघोबाची गोष्ट सांगा, आणि शक्य असेल तर ती पाड्यावरच्या एखाद्या जाणत्या आजीला शाळेत बोलावून तिच्या तोंडून ऐकवा. येत्या वाघबारशीच्या आत आपल्या विभाग कार्यालयाला लेखी निवेदन द्या: उद्यानालगतच्या वाघोबाच्या प्रत्येक ठाण्याची नोंद करा, त्यावर बांधकाम करू नका आणि पाड्यांवर शौचालय, पाणी व वीज आधी पोचवा.